एक खुर्ची कमी भरली

माझ्या मोठ्या भावाकडं तंबू उखडण्याचं शास्त्र आहे. लावण्याचं नव्हे. लावायला कुणीही लावतं, असं तो म्हणतो; माणसाची परीक्षा होते ती उखडताना. आपण जागा सोडली की तिथं आपली एक टाचणीसुद्धा राहता कामा नये. पुण्यात नोकरी करून, सुट्ट्यांना डोंगरावर मुक्काम करून त्यानं हे ज्ञान मिळवलंय, आणि कुणी विचारलं नाही तरी तो ते देतो. जमिनीत ठोकायच्या मेखांना त्यानं लाल रिबिनी बांधल्यात, गवतात दिसाव्यात म्हणून. प्रत्येक वस्तूला तिची तिची पिशवी. दिव्याला पिशवी, स्टोव्हला पिशवी, आणि या सगळ्या पिशव्या ठेवायला एक मोठी पिशवी. भरून झालं की 'शेवटची फेरी'. सगळ्यांनी हातभर अंतर सोडून एका रांगेत उभं राहायचं आणि खाली बघत बघत जागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दिसेल ते उचलायचं.

ऐकायला झकास आहे. मी स्वतः भूमला शाळेत शिकवते, दरसाल पोरं सहलीला नेते, तेव्हा मागं राहिलेल्या सामानाचा ताप मला कुणी सांगायला नको. पण परत निघताना मी आधी पोरं मोजते. पाण्याच्या बाटल्या नंतर.

त्या हिवाळ्यात दादानं आम्हा सगळ्यांना गावी, आमच्याच शेतात तंबूत राहायला बोलावलं, ते तात्यांसाठी. तात्या म्हणजे आमचे वडील. एसटीत कंडक्टर होते. भूम, वाशी, तेरखेडा या पट्ट्यातला असा एक थांबा नसेल जिथं त्यांनी कुणाची विसरलेली पिशवी खिडकीतून बाहेर दिली नसेल. निवृत्त झाल्यापासून गावीच राहतात. आई गेली तशी घरात एकटेच. दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून पडले, डावा हात मोडला, आणि शेजारीण दळण मागायला आली म्हणून कळलं तरी. मग दोन्ही भाऊ खडबडून जागे झाले. तात्यांनी आता एकट्यानं राहायचं नाही, हे फोनवर ठरलं. कुणाकडं राहायचं, एवढंच बाकी होतं, आणि ते ठरवायला तंबू लागणार होते.

दादा पुण्यात, धाकटा धाराशिवला. मी दोघांच्या मधली. घरात सगळे मला अक्का म्हणतात. मी गावापासून सगळ्यांत जवळ, स्कूटीवर अर्धा तास. पण माझं नाव कुणी घेतलं नाही. बाप लेकीच्या घरी राहिला तर भावांना मान खाली घालावी लागते म्हणे. मान खाली घालायचा एवढा धाक असलेले माझे दोन्ही भाऊ पुढं मान खाली घालून कसे चालले, ते सांगायलाच मी बसलेय.

तळ पडला तो पाझर तलावाच्या कडेला, आमच्या ज्वारीच्या बांधावर. तिथून आमचं घर दिसतं. हाक मारली तर घरातल्या माणसाला ऐकू जाते. पक्क्या भिंती, पलंग, गाद्या, सगळं जागच्या जागी ठेवून दादानं आम्हाला कापडाखाली झोपायला आणलं. शेजारीण सरपण घेऊन चालली होती. ती थांबली, तंबूकडं बघितलं, घराकडं बघितलं आणि मला विचारलं, "का वं अक्का, परत भूकंप व्हणार हाय म्हणत्यात का? घर सोडून भायेर निजायलाव ते?"

मी म्हणाले, "न्हाय वं काकू, हौस हाय."

"बरं बाई," ती म्हणाली, आणि बऱ्याच पुढं गेल्यावरही वळून वळून बघत राहिली.

सामान तर काय वर्णावं. मुठीएवढा स्टोव्ह, उन्हावर चालणारा दिवा, माणसाला पोत्यात घालून चेन लावावी तसल्या झोपायच्या पिशव्या. आणि घडीच्या खुर्च्या, प्रत्येकाला एक. खुर्चीच्या हाताला पेला ठेवायचं भोक. तात्यांना हिरवी आली. त्यांनी ती आधी हातानं दाबून बघितली, मग बसले, मग त्या भोकात पानाची चंची ठेवली. "झाक हाय," म्हणाले. त्या सगळ्या सामानाबद्दल त्यांनी स्वतःहून काढलेला हा एकच शब्द. त्या खुर्चीतून ते जेवायलासुद्धा उठले नाहीत.

संध्याकाळी हुरडा भाजायला आगटी पेटवली. दादा तिला कॅम्पफायर म्हणत होता. धाकट्यानं तेरखेड्याचे फटाके आणले होते, ते दादानं 'निसर्गात आवाज नको' म्हणून गाडीतच ठेवायला लावले. मग तो मूळ विषयावर आला.

इथं मला एका शब्दाबद्दल सांगितलं पाहिजे. 'राहू दे' हा आमच्यात मोठा मानाचा शब्द. पाव्हण्यानं स्वतःचं ताट उचललं की राहू द्या. म्हातारं माणूस पिशवी उचलायला वाकलं की राहू द्या. चहाचं बिल आलं की दोघंही खिशाकडं हात नेत राहू दे, राहू दे करतात, आणि ज्याचा हात सावकाश जातो तो शहाणा. अर्थ एवढाच की तुम्ही तसदी घेऊ नका, मी आहे ना. ऐकणारा तसदी घेत नाही, म्हणणारा विसरतो, आणि वस्तू आपली तिथंच राहते. शब्दच तसा आहे. माझ्या लग्नात रुखवताची पेटी अशीच मांडवात राहिली. एका मामानं दुसऱ्या मामाला राहू द्या म्हटलं होतं, आणि दुसऱ्यानं पहिल्याला. दोघंही वऱ्हाडाबरोबर माझ्या सासरी पोचल्यावर एकमेकांचा मान राखल्याच्या समाधानात जेवले.

तर आगटीच्या उजेडात दादा म्हणाला, "तात्यांना मी नेतो."

धाकटा लगेच, "राहू दे दादा, तुझं घर चौथ्या मजल्यावर. मी नेतो."

"राहू दे, तुझी बदली कधी होईल सांगता येत नाही. मी नेतो."

"राहू दे दादा, तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. त्यांच्याजवळ कोण बसणार?"

बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, काय पोरं आहेत, बापासाठी भांडतायत. मी त्यांच्याबरोबर लहानाची मोठी झालेय. भाकरीचा शेवटचा तुकडा पाहिजे असला की ही दोघं कशी भांडतात ते मला ठाऊक आहे. त्यात राहू दे नसतं. इथं प्रत्येक जण ओझ्याला हात लावत होता आणि दुसऱ्यानं ते उचलावं म्हणून वाट बघत होता. मला त्या दोघांचा इतका राग आला की हातातलं कणीस मी तसंच आगटीत टाकलं.

"तात्यांना इचारा की," मी म्हणाले. "ते इथंच बसल्यात."

"अक्का, तू भावनेच्या भरात बोलू नको," दादा म्हणाला. "आपण प्रॅक्टिकल विचार करतोय."

तात्या कणसं चोळून हुरडा काढत होते. मोडलेला हात नुकता प्लास्टरमधून मोकळा झाला होता, बोटं अजून नीट मिटत नव्हती. त्यांनी चोळलेला हुरडा आमच्या पुढ्यात सरकवला. "गार व्हायलाय," म्हणाले. "खावा."

शेवटी ठरलं ते असं, की तात्यांनी आधी काही महिने पुण्याला राहायचं, मग काही महिने धाराशिवला, मग पुन्हा पुण्याला. शेतातली लाईट जशी पाळीनं येते तसे तात्या पाळीनं. दोन्ही भावांना हायसं वाटलं. दादानं 'छान झालं, मोकळेपणानं बोललो' असंही म्हणून घेतलं.

सकाळी मी लवकर निघाले. पुण्याचा रस्ता धरायच्या आधी सगळे भूमला माझ्या घरी जेवणार होते, आणि एवढ्या माणसांच्या भाकरी आपोआप भाजून होत नाहीत. निघताना तात्यांजवळ गेले. ते बाभळीखाली त्याच खुर्चीत बसले होते, टॉवेल डोक्यावर. त्यांची पिशवी वहिनीनं, दादाच्या बायकोनं, आधीच भरून ठेवली होती. धोतरं, औषधं, मोबाइल, चार्जर. मला विचारायचं होतं, तात्या, तुमच्या मनात काय आहे. पण दादा शिट्टी वाजवून मेखा उपटायची आज्ञा देत होता, आणि मी नुसतं "येते" म्हणाले. "सावकाश जा," म्हणाले ते. "वाळूवर चाक घसरतंय."

भाकऱ्या होत आल्या तेव्हा दोन्ही गाड्या दारात आल्या. जेवायच्या आधी दादानं सगळं सामान माझ्या अंगणात उतरवलं. शास्त्रच आहे तसं, म्हणे. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी एकदा ताळा करायचा, म्हणजे काही राहिलं असेल तर परत फिरता येतं. मी तव्यापाशी होते, बाहेरचं ऐकत होते. मेखा भरल्या. चटया भरल्या. दिवा, स्टोव्ह, झोपायच्या पिशव्या, सगळं भरलं. दादाचा आवाज एकेका वस्तूला चढत होता.

मग तो म्हणाला, "एक खुर्ची कमी भरतीय."

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू. खुर्च्या कुणाकडं दिल्या होत्या, इथपासून सुरुवात. धाकटा म्हणाला, मी तंबूला होतो. वहिनी म्हणाली, मी भांडी भरली. शेवटच्या फेरीत सगळे रांगेत होते ना? होते. खाली बघत होते ना? बघत होते. मग आख्खी खुर्ची दिसत नाही म्हणजे काय? दादा खरोखर संतापला होता. सेट होता तो, सुटी खुर्ची मिळत नाही. गाडीच्या सीटखाली बघून झालं, डिकी पुन्हा उपसून झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण यांच्या काखेत कळसासुद्धा नव्हता.

"कोणती कमी आहे?" वहिनीनं विचारलं.

"हिरवी."

"हिरवीवर तर तात्या बसले होते."

पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले. "आणि तात्या कुठंयत?"

धाकट्यानं दादाच्या गाडीकडं बघितलं. दादानं धाकट्याच्या. दोन्ही गाड्यांची दारं उघडी होती, आणि दादाच्या पायाशी, पिशव्यांच्या रांगेत, तात्यांची पिशवी नीट उभी करून ठेवलेली होती. धोतरं आली होती, औषधं आली होती, मोबाइल आला होता. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं असं म्हणतात. यांनी शेपूट बरोबर आणलं आणि हत्ती तलावावर सोडला. मला शिसारी आली दोघांची. आणि शिसारीच्या आत भीती होती. एका हातात जोर नसलेला म्हातारा माणूस, बाजूला तलाव, उतारावर वाळू.

मी दादाच्या गाडीत बसले, धाकटा मागं. तवा माझ्या भूमच्या शेजारणीवर सोपवला. वाटेत दोघांचं बोलणं ऐकून मला कळलं ते असं. भूमपर्यंत तात्यांनी धाकट्याच्या गाडीत बसायचं ठरलं होतं. पण धाकट्याच्या मागच्या सीटवर झोपायच्या पिशव्या लागल्या, म्हणून तो दादाला विचारायला गेला, तात्यांना तुझ्याकडं बसवू का. दादाचं डोकं डिकीत होतं, वहिनी त्याला आणखी एक पिशवी देत होती, आणि तो तिला म्हणाला, राहू दे, राहू दे. धाकट्याला वाटलं, दादा म्हणतोय तू तसदी घेऊ नको, मी बसवतो. तो सुटला. दादाला तर तात्या धाकट्याकडं आहेत हे कालपासून माहीत होतं. तोही सुटला.

"सिस्टीममध्येच गॅप राहिला," दादा म्हणाला.

"बाप राहिला, दादा," मी म्हणाले. "गॅप न्हाय."

तात्या होते तिथंच होते. बाभळीखाली, हिरव्या खुर्चीत, टॉवेल आता मांडीवर. तळाची जागा इतकी स्वच्छ झाली होती, की तिथं कुणी राहून गेलं हे सांगून खरं वाटलं नसतं. आम्हाला बघून ते उठलेही नाहीत.

"तात्या, घरी का नाही गेलात?" धाकटा पळत पुढं झाला. "घर तर हितंच हाय."

"खुर्ची टाकून कसं जायचं?" तात्या म्हणाले. "चांगली वस्तू हाय. कुणीबी उचलून नेली असती. आन् मला हातात धरून न्यायला जमंना." त्यांनी डावा हात वर करून दाखवला.

"पण आम्हाला हाक तरी मारायची!"

"हाक काय मारायची? समोरूनच तर गेलाव की. सगळे वळीनं, खाली बघत." ते दादाकडं वळले. "एक मेख माझ्या पायापाशी व्हती. तुला दावली न्हाय का म्या? तू उचललीस आन् म्हणलास, थँक्यू तात्या."

दादाला ते आठवलं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. मेख आठवली आणि मेख दाखवणारा हात आठवला. उन्हात त्याचं तोंड लाल झालं होतं. तो खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून ती घडी घालायची की नाही, हे न कळल्यासारखा थांबला.

"चला तात्या," तो म्हणाला. "माझ्याच गाडीत बसा. पुढं."

"राहू दे," तात्या म्हणाले.

"नाही नाही, जागा आहे पुढं. माझी काही अडचण नाही."

धाकटाही म्हणाला, "माझ्याकडं चला तात्या. पुण्याचं मागनं बघू." या वेळी तो खरं बोलत होता. मला त्याचे डोळे दिसत होते.

"राहू द्या रं," तात्या पुन्हा म्हणाले, आणि आगटीच्या उजेडात त्या दोघांनी वाटेल तसा वापरलेला तो शब्द त्यांनी इतका सरळ उच्चारला, की दुसरा अर्थ काढायला जागाच राहिली नाही. मग ते एका हातानं रेटा देऊन उठले, सावकाश गाडीजवळ गेले, आणि टपावर दोनदा थाप मारली.

आम्ही तिघं कंडक्टरची पोरं. दोन घंटा म्हणजे गाडी सोडायची, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं. सुट्टीत त्यांच्या गाडीत पुढच्या बाकावर बसून आम्ही ती दुसरी घंटा ऐकायला कान टवकारायचो. तिला आजवर कुणी उलटून विचारलं नाही. दादानं दार उघडलं, धाकटा बाजूला बसला, आणि गाडी निघाली. मी तात्यांजवळ थांबले. त्यांची पिशवी संध्याकाळी माझा नवरा घेऊन आला.

आता न्हाणीत खरबरीत फरशी बसवली आहे आणि भिंतीला धरायला नळीचा दांडा. शेजारीण सकाळी दार वाजवते. शाळा सुटली की एकाआड एक दिवस मी जाते, आणि रविवारी ते एसटीनं माझ्याकडं जेवायला येतात. राहत नाहीत, राहायचा विषय मी काढला की "बघू" म्हणतात. ती खुर्ची घराच्या दारात असते. संध्याकाळी ते तिच्यात बसतात, चंची त्या भोकात, आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांकडं बघतात. वेळेवर आली, उशिरा आली, एवढं मला सांगतात.

होळीच्या सुमारास दादाचा फोन आला. मला वाटलं, तात्यांचा हात कसा आहे विचारेल.

"अक्का, ती हिरवी खुर्ची तिकडंच आहे का? आम्ही शनिवारी निघतोय, सेट पुरा भरत नाही."

"हाय," मी म्हणाले. "तात्या बसलेत तिच्यावर. उठवून पाठवू का?"

"नको," तो म्हणाला. "राहू दे."